लोखंडात गुलाबी नसतो

लक्ष्मीपुरीतल्या दुकानात पोरानं
शेडकार्ड पंख्यासारखं उलगडलं
आणि दादा म्हणाले, "पांढरा सोडून काहीपण दाखव."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं,
पांढऱ्या भिंतीपुढं पांढरं बेसिन,
त्यावर पांढरा साबण,
यांना दिसणार तरी कसं?
गेल्या महिन्यात कमोड समजून
ते फरशीवर बसले होते.
कुणाला बोलले नाहीत.
कोपर निळं पडलेलं दिसलं, तेव्हा मला कळलं.

पस्तीस वर्षं शिरोलीला, भट्टीपुढं.
नुसत्या रंगावरनं लोखंडाचा ताप सांगायचे:
काळपट लाल, तांबडं, केशरी, पिवळं,
आणि शेवटी ते पांढरं,
ज्याच्याकडं उघड्या डोळ्यांनी बघू नये.
ते बघत राहिले.
भट्टीनं मग हप्त्याहप्त्यानं
वसूल करून घेतलं.

पंख्यात अठ्ठावीस गुलाबी निघाले.
पोरगा इंग्रजी नावं वाचत होता,
दादा कार्ड नाकाशी धरून आपली ठेवत होते:
हा घामोळ्याचं औषध.
हा मांजराच्या कानाच्या आतला.
हा पेरूची फोड, पण कालची.
"आणि ह्यो? तांबड्या रश्श्यात पांढरा सांडलाय कुणीतरी."
पारिसाशेठ हिशेब सोडून हसले.

धाकटी निपाणीहून फोनवर,
"बाप्या माणसाच्या न्हाणीत गुलाबी?
आकाशी घे की गं."
आकाशी लावून बघितला होता एका कोपऱ्यात.
त्यांना तो राखाडी दिसला,
आणि आम्हाला, खरं सांगायचं तर, सरकारी दवाखान्याचा.
आई असती तर पाच मिनिटांत निवडला असता,
चुकीचा, आणि ठामपणे.

दस्तगीर पेंटरनं भिंतीवर चार चौकटी मारल्या,
खाली पेन्सिलीनं आकडे.
दादा प्लास्टिकचं स्टूल घेऊन आत बसले.
सकाळी, दुपारी, ट्यूब लावून, ट्यूब बंद करून.
मी चहा तिथंच नेऊन दिला.
बादलीवर बशी ठेवून ते प्याले
आणि म्हणाले,
"तुला एक सांगू? लोखंडात गुलाबी नसतो.
लाल झालं की ते सरळ केशरीकडं जातं,
मधे हा थांबाच नाही.
आख्ख्या नोकरीत ह्या रंगाशी माझा संबंध आला नाही.
ह्याचा ताप किती, विचारू नकोस."

मी विचारलं नव्हतं.

मग त्यांनी हात टेकवला
एका-एका चौकटीवर, पंजा पसरून.
भाजल्याच्या जुन्या डागांचा हात,
दोन नखं कायमची काळी.
एकवर निसटला.
दोनवर पण.
चारवर, म्हणाले, नुसता बोटांचा घोळका.
तीन नंबरवर तो थांबला.
"हितं दिसतोय," म्हणाले. "माझाच हाय."

दस्तगीरनं दोन हात मारले, रविवार धरून.
उरलेला डबा जिन्याखाली आहे,
झाकणावर दादांचं अक्षर,
वाकडं झालेलं, तरी फाउंड्रीच्या वहीतलंच:
न्हाणीघर. नंबर ३. तारीख.
त्याखाली "ताप", दोन टिंबं,
आणि पुढं मोकळी जागा.

काल संध्याकाळी ते आत गेले
आणि पाण्याचा आवाजच येईना.
झरोका पश्चिमेचा आहे.
मी कुकर बंद केला, दारावर टकटक केली.
"दादा?"
काही नाही.
"दादा, बसलायसा न्हवं नीट?"

"थांब गं जरा," आतनं आवाज आला,
शिफ्टमधल्या माणसाचा,
"भिंत चढायलीय अजून."

मी टॉवेल घेऊन
तिथंच उभी राहिले.